क्लचचं दुखणं ओळखताना

माझा आणि यंत्राचा संबंध तसा उशिराच आला. मी कला शाखेचा पदवीधर, त्यात कविता करणारा. मुशायरा असो की कविसंमेलन, एसटीच्या खिडकीजवळची जागा मिळाली की मी खूश. पुढं पन्नाशीच्या उंबरठ्यावर एक जुनी मारुती ८०० घेतली. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात बाजारात आली आणि २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तरी आमच्या हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या रस्त्यांवर ती अजून भेटते.

वर्षभरातच माझ्या गाडीचा क्लच गेला. एका गॅरेजमध्ये पूर्ण सेट बदलून घेतला, पैसे मोजले, विषय संपला असं वाटलं. सात-आठ महिन्यांनी चढावर पुन्हा तोच जळका वास! या वेळी मी एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. म्हणाले, "सर, आधी एक सांगा. गाडी चालवताना तुमचा डावा पाय कुठं असतो?"

मी म्हणालो, "क्लचवर. आणखी कुठं असणार?"

ते हसले. "मग दुखणं तिथंच आहे बघा. गाडीला कशाला बोल लावायलाव?"

त्यांनी पॅडल हातानं दाबून पाहिलं, खाली वाकून क्लच वायरचा नट पान्ह्यानं थोडा सैल केला आणि मला पाय बाजूला ठेवायची ताकीद दिली. दहा मिनिटांचं काम. वास थांबला आणि तीच प्लेट पुढं कित्येक वर्षं चालली. पहिल्या वेळी माझी प्लेट झिजली होती हे खरं. पण ती का झिजली, हे ना कुणी विचारलं, ना मी विचारलं. आजार तसाच राहिला, फक्त औषध बदललं. म्हणून आज थोडं क्लचविषयी बोलू.

इंजिन एकदा सुरू झालं की फिरतच राहतं. चाकं मात्र कधी थांबतात, कधी हळू चालतात, कधी पळतात. या दोघांना जोडणारा आणि हवं तेव्हा वेगळं करणारा मध्यस्थ म्हणजे क्लच. इंजिनला एक जड चकती असते, तिला फ्लायव्हील म्हणतात. तिच्या पाठीवर प्रेशर प्लेट बसवलेली असते. या दोन्हींच्या मध्ये भाकरीएवढी क्लच प्लेट असते आणि तिचा संबंध गिअरबॉक्सशी असतो. प्रेशर प्लेटची स्प्रिंग क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते. मग तिन्ही एकजीव होऊन फिरतात. आपण पॅडल दाबलं की वायर किंवा तेलाच्या दाबानं एक दांडा हलतो, रिलीज बेअरिंग पुढं सरकतं, स्प्रिंगची पकड सुटते आणि इंजिन एकटंच फिरत राहतं. पाय हळूहळू सोडला की दोघांची पुन्हा गाठ पडते. त्या क्षणी प्लेट थोडी घसरते, तापते आणि कणभर झिजते. ही झीज ठरलेलीच आहे. किती लवकर व्हायची, ते पायावर ठरतं.

मोटारगाडीच्या सुरुवातीच्या काळात क्लचला चामडं लावलेलं असे. चामडं कोरडं पडून गाडी धक्के देऊ लागली की त्याला एरंडेल तेल लावत, आणि घसरू लागलं की त्यावर मुलतानी माती टाकत. साहित्य बदललं, पण क्लचच्या तक्रारी शंभर वर्षांनंतरही त्याच आहेत. त्या मुख्यतः चार प्रकारच्या असतात.

पहिली तक्रार घसरण्याची. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी पळत नाही. हे आधी वरच्या गिअरमध्ये, चढावर, भरल्या गाडीत जाणवतं. सोबत जळका वास येतो. खात्री करायची तर गाडी सपाट, मोकळ्या जागी उभी करावी, पुढं-मागं कुणी नसावं. हँडब्रेक घट्ट ओढावा, तिसरा गिअर टाकावा आणि थोडी रेस देऊन क्लच हळू सोडावा. क्लच धड असेल तर इंजिन बंद पडतं. ते तसंच गुरगुरत राहिलं तर प्लेट घसरते आहे. ही परीक्षा एकदाच करावी; पुन्हा पुन्हा केली तर चांगली प्लेटही तापून जळते. घसरण्याचं कारण झिजलेली प्लेट असू शकतं, तसंच वायर जास्त ओढलेली असणं, ऑइल सील गळून प्लेटला तेल लागणं किंवा प्रेशर प्लेटची स्प्रिंग मऊ पडणं हेही असू शकतं.

दुसरी तक्रार नेमकी उलटी. पॅडल पूर्ण दाबूनही क्लच सुटत नाही. गिअर अडकतो, रिव्हर्स टाकताना करकर आवाज येतो. पुष्कळ जणांना वाटतं, गिअरबॉक्सच गेला. अशा वेळी इंजिन बंद करून गिअर टाकून पाहावेत. बंद इंजिनवर ते अलगद पडत असतील आणि चालू इंजिनवर अडत असतील, तर संशय क्लचवर घ्यावा. वायर ढिली झाली असेल किंवा तिचे धागे तुटत आले असतील. तेलावर चालणारा क्लच असेल तर बाटलीतलं तेल कमी झालं असेल किंवा नळीत हवा शिरली असेल. या क्लचमध्ये ब्रेकचंच तेल लागतं आणि ते हवेतला ओलावा शोषतं, म्हणून ते ठरावीक काळानं बदलावं. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते, तेव्हाही हाच त्रास होतो.

तिसरी तक्रार थरथरण्याची. गाडी जागेवरून निघताना हुडहुडी भरल्यासारखी हलते. प्लेटला तेल लागलं असेल किंवा फ्लायव्हील तापून त्यावर डाग पडले असतील तर असं होतं. पण इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं ती तुटली तरी गाडी अशीच हलते. माउंटिंग बदलण्याचा खर्च क्लचच्या मानानं अगदी किरकोळ. म्हणून आधी ती पाहावीत.

चौथी तक्रार आवाजाची. आपल्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारायला २०२३ मध्ये केंद्र सरकारनं मंजुरी दिली. दूर अवकाशात कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की उठणारा अतिसूक्ष्म कंप टिपणं हे तिचं काम. आपल्याला एवढे तीक्ष्ण कान नकोत, बेअरिंगचं रडणं ऐकू आलं तरी पुष्कळ. गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवून क्लच दाबा. दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग खराब झालं असावं. उलट पाय काढलेला असताना आवाज येत असेल आणि दाबल्यावर थांबत असेल, तर संशय गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगवर घ्यावा. एवढी एक गोष्ट मिस्त्रीला सांगितली तरी त्याचा अर्धा दिवस वाचतो.

आता दुरुस्ती. आमच्या मिस्त्रींचा नियम साधा होता: आधी स्वस्त, मग महाग, आधी बाहेरचं, मग आतलं. वायरच्या क्लचमध्ये पॅडल दाबताना सुरुवातीचा थोडा भाग मोकळा जायला हवा. याला फ्री प्ले म्हणतात. पुष्कळ गाड्यांत तो १५ ते २५ मिलिमीटर असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. तो अजिबात नसला तर बेअरिंग सतत दाबलेलं राहतं आणि प्लेट घसरते. जास्त झाला तर क्लच सुटत नाही. म्हणजे एकाच नटाच्या दोन टोकांना वरच्या दोन तक्रारी उभ्या आहेत! काही नव्या गाड्यांत हे आपोआप जुळतं, तिथं नट फिरवायला जाऊ नये. त्यानंतर वायर, दांड्याचा सांधा, तेल आणि माउंटिंग तपासावं. एवढं करूनही दुखणं राहिलं, तरच गिअरबॉक्स उतरवावा.

गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मोठी असते. म्हणून एकदा उतरवला की प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकत्र बदललेली परवडतात. फ्लायव्हीलवर चरे किंवा निळसर डाग आहेत का, हे पाहायला सांगावं. तेल गळत असेल तर सील त्याच वेळी बदलावं, नाहीतर नवी प्लेटही तेलकट होते. प्लेट मधोमध बसवून बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावे लागतात. बदललेले जुने भाग परत मागावेत आणि डोळ्यांनी पाहावेत. प्लेटच्या रिबिटी वर आल्या असतील तर ती खरंच संपली होती. तिला तेल लागलं असेल तर मूळ दुखणं सीलमध्ये होतं.

एक काळजी मात्र विसरू नये. जुन्या गाड्यांच्या प्लेटमध्ये ॲसबेस्टॉस वापरत असत. त्याची धूळ फुप्फुसात गेली की वर्षानुवर्षांनी कर्करोगासारखे आजार होऊ शकतात. गॅरेजमधली पोरं हवेच्या नळीनं ती धूळ उडवतात, तीच त्यांच्या श्वासात जाते. ओल्या फडक्यानं पुसायला सांगा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणालाही शिरू देऊ नका.

हळदीच्या हंगामात पिकअपवाल्यांची धावपळ मी पाहतो. पोत्यांवर पोती भरून गाडी वसमतच्या किंवा हिंगोलीच्या बाजाराकडं निघते. चढावर उभी राहिली की ड्रायव्हर ब्रेकऐवजी अर्धा क्लच धरून तिला तोलतो. श्रावणी सोमवारी औंढ्याच्या आणि दसऱ्याला हिंगोलीच्या गर्दीतही हेच चालतं. त्या मिनिटभरात प्लेट सतत घासत असते. ऐन हंगामात क्लच गेला आणि गाडी चार दिवस उभी राहिली, तर भाडं बुडतं आणि बँकेचा हप्ता थकतो. हँडब्रेक ओढायला काही पैसे पडत नाहीत. सिग्नलला किंवा फाटकाला थांबल्यावर न्यूट्रल करून पाय काढायलाही पडत नाहीत.

माझ्या त्या मिस्त्रींना मी एकदा विचारलं, "चाचा, चांगला ड्रायव्हर ओळखायचा कसा?" ते म्हणाले, "त्याच्या जुन्या प्लेटवरून." नंतर माझ्या गाडीची जुनी प्लेट मी घरी आणली. ती माझ्या लिहिण्याच्या टेबलावर कागद दाबायला ठेवली आहे. गाडीत बसलो की तिची आठवण होते आणि डावा पाय आपोआप बाजूला जातो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)