आवाज बंद होतो तेव्हा…

टीव्हीवर युद्धाचा सिनेमा लागला की आपल्यापैकी बऱ्याचजणी रिमोट मुलांच्या हाती सोपवून स्वयंपाकघरात निघून जातात. ‘नुसती धडाधडी, त्यात काय बघायचं?’ पण मैत्रिणींनो, एका सिनेमाचा पहिला अर्धा तास तरी मन घट्ट करून बघाच. स्टीव्हन स्पीलबर्गचा १९९८ सालचा ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’!

सुरुवातीला एक म्हातारा माणूस फ्रान्समधल्या सैनिकांच्या स्मशानभूमीत येतो. पांढऱ्या क्रुसांच्या रांगांपुढे गुडघ्यांवर बसतो. कॅमेरा हळूहळू त्याच्या डोळ्यांजवळ जातो आणि एकदम समुद्राच्या लाटा दिसतात. तारीख ६ जून १९४४. नॉर्मंडीचा ओमाहा किनारा. बोटीत दाटीवाटीने उभे सैनिक. कुणी ओकतोय, कुणी देवाचं नाव घेतोय. नायकाच्या, म्हणजे कॅप्टन मिलरच्या चेहऱ्याआधी आपल्याला दिसतो त्याचा थरथरणारा हात. शौर्याच्या गोष्टीची सुरुवात अशी भीतीने होते.

बोटीचं दार उघडतं आणि पुढच्या रांगेतली मुलं पाऊल टाकायच्या आत कोसळतात. इथे कॅमेरा उंचावरून लढाईचा देखावा दाखवत नाही. तो माणसाच्या खांद्यावर आहे, सैनिकाबरोबर धावतो, पाण्यात बुडतो. पाण्याखाली सगळं शांत, वर डोकं काढलं की पुन्हा कल्लोळ. भिंगावर पाण्याचे, रक्ताचे थेंब उडतात, ते पुसत नाहीत. छायाचित्रणकार यानुश कामिन्स्की यांनी रंग मुद्दाम फिके केले, जुन्या काळच्या युद्धचित्रणासारखे. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात. त्यातलं प्रत्येक चित्र नेहमीपेक्षा कमी वेळात टिपलं, त्यामुळे हालचालीतला पुसटपणा गेला. उडणारी वाळू कणाकणाने दिसते, माणसं झटके बसल्यासारखी हलतात. बघताना आपलेही श्वास अडखळतात.

आणि पार्श्वसंगीत? या लढाईत ते नाहीच! खरं तर सिनेमात संगीतच आपल्याला सांगत असतं, आता अभिमान वाटू द्या, आता डोळे पुसा. इथे सांगणारं कुणी नाही. त्यातच जवळ स्फोट होतो आणि मिलरला ऐकू येईनासं होतं. आपल्यालाही. फक्त एक दबका घुमारा उरतो. त्या बधिर शांततेत एक सैनिक वाळूत पडलेला आपलाच तुटलेला हात उचलून चालू लागतो. आवाज असता तर आपण दचकलो असतो. आवाज नाही म्हणून नजर हलवता येत नाही.

समाजकार्याच्या निमित्ताने जवानांच्या घरी माझं जाणं-येणं असतं. एक माउली सीमेवरच्या बातम्या आवाज बंद करून बघते. म्हणते, “ताई, तोफांचा आवाज आला की माझं पोरगं कुठं असंल तेच मनात येतं. चित्र बघवतं, आवाज ऐकवत नाही.” तिला सिनेमाचं तंत्र ठाऊक नाही, पण आवाजाची ताकद तिला कुणी शिकवायला नको.

त्या किनाऱ्यावरही एक जखमी पोरगा ‘आई’ म्हणून टाहो फोडतो. लढाई संपल्यावर कॅमेरा प्रेतांवरून फिरत एका पाठीवर थांबतो. तिथे नाव असतं रायन. मग दिसते कचेरी, मृत्यूची पत्रं टंकणाऱ्या बायका. आणि दूर शेतातलं एक घर. भांडी घासणाऱ्या आईला खिडकीतून गाडी येताना दिसते. ती दारात येते, गाडीतून अधिकाऱ्यापाठोपाठ पाद्री उतरतो आणि तिचे पाय गळतात. ती खालीच बसते. एकही संवाद नाही. तिच्या चार मुलांपैकी तिघे गेलेत.

आधीचा तो थरकाप आपण सोसलेला नसता, तर हा प्रसंग चार अश्रूंचा ठरला असता. आता मात्र त्या आईला जे कधीच कळणार नाही, ते आपण पाहून आलेल्या असतो.

म्हणून म्हणते, लहानग्यांना नको, पण कॉलेजातल्या मुलामुलींबरोबर हा सिनेमा जरूर बघा. रिमोट आपल्या हाती ठेवा. आणि नंतर त्यांना एवढंच विचारा, ‘संगीत नव्हतं, ते तुझ्या लक्षात आलं का रे?’ बोलणं तिथून आपोआप सुरू होईल.