कर भरला, मदत मात्र नाही

बचत गटात एखादी बाई दर महिन्याला वर्गणी भरते. अडचणीच्या वेळी तिने कर्ज मागितलं आणि आपण म्हणालो, "तुझं नाव यादीत नाही," तर ती विचारेलच ना, "मग वर्गणी कशी घेतलीत?" करोनाच्या काळात अमेरिकेत असाच प्रश्न लाखो कष्टकऱ्यांपुढे उभा राहिला. आज आपण तो समजून घेऊ.

हे लोक म्हणजे कायदेशीर कागदपत्रं नसलेले स्थलांतरित. कुणी सीमा ओलांडून आलेले, कुणी व्हिसा संपल्यावर राहिलेले. बरेचसे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले, पण त्यांत आपले भारतीयही आहेत. शेतातली तोडणी, हॉटेलातली भांडी, बांधकाम, घरकाम अशी कामं ते करतात.

ते कर भरतात का? हो. आपण साबण घेताना जसा जीएसटी भरतो, तसा तेही खरेदीवर कर भरतात. शिवाय ज्यांना सोशल सिक्युरिटी नंबर मिळू शकत नाही, त्यांना १९९६ पासून तिथलं कर खातं आयकर भरण्यासाठी वेगळा नंबर देतं. त्या नंबराने कर भरता येतो, पण राहण्याचा किंवा कामाचा परवाना मिळत नाही. या सगळ्यांनी मिळून २०२२ साली सुमारे ९,६७० कोटी डॉलर कर भरला, असा तिथल्या एका अभ्यास संस्थेचा अंदाज आहे.

मार्च २०२० मध्ये सरकारने ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या प्रौढ माणसाला १,२०० डॉलर आणि मुलामागे ५०० डॉलर मदत जाहीर केली. अट होती सोशल सिक्युरिटी नंबरची. नवरा-बायकोने एकत्र कर भरला आणि दोघांपैकी एकाकडे तो नंबर नसला, तर सैन्यातली कुटुंबं सोडून बाकीच्यांत नागरिक असलेल्या जोडीदाराचे आणि मुलांचेही पैसे बुडत. डिसेंबर २०२० च्या कायद्याने अशा जोडीदाराला आणि मुलांना हक्क मिळाला. कागद नसलेल्यांना स्वतःला मात्र केंद्राकडून ही मदत मिळाली नाही.

काही राज्यांनी वेगळी वाट धरली. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये अशा प्रौढांना ५०० डॉलर, एका घराला जास्तीत जास्त १,००० डॉलर दिले. न्यूयॉर्कने २०२१ मध्ये २१० कोटी डॉलरचा निधी काढला.

विरोध करणारे म्हणतात, सरकारी पैशावर पहिला हक्क नागरिकांचा. नियम मोडणाऱ्याला मदत दिली, तर वर्षानुवर्षं रांगेत थांबलेल्यावर अन्याय होतो. आणि कर तर पर्यटकही भरतो, म्हणून त्याला अनुदान द्यायचं का?

बाजूने बोलणारे म्हणतात, रोग कागद बघत नाही. घरात दाणा नसला, तर आजारी माणूसही कामावर जाणार आणि साथ पसरणार. शिवाय शेतीची कामं सरकारनेच त्या काळात अत्यावश्यक ठरवली होती.

आम्हाला वाटतं, नुसता कर भरला म्हणून नागरिकत्व मिळत नाही, हे खरं. पण संकटातली मदत म्हणजे नागरिकत्वाचं बक्षीस नव्हे. ती भूक आणि साथ थांबवण्यासाठी असते. ज्याच्या घामाचा कर आपण घेतो, त्याला अशा वेळी उपाशी ठेवणं योग्य नाही.

आपले ऊसतोड मजूर तर या देशाचेच नागरिक, तरी परगावी गेल्यावर कागदासाठी अडतात. म्हणून पुढच्या बैठकीत एवढं बोला: आपल्या गावात बाहेरून आलेल्या कुटुंबांपैकी कोणाचं नाव कुठल्याच यादीत नाही?