एकाच आज्ञेत अनेक ओळी

९ ऑक्टोबर २०२३ रोजी बय्यप्पनहळ्ळी ते के. आर. पुरम हा तुकडा सुरू झाला आणि बेंगळुरू मेट्रोची जांभळी मार्गिका सलग झाली. या तुकड्यातली तीन स्थानके डेटाबेसच्या तक्त्यात भरायला एसक्यूएल या भाषेची एकच आज्ञा पुरते:

इन्सर्ट इन्टू स्थानके (क्रम, नाव) व्हॅल्यूज (१, 'बय्यप्पनहळ्ळी'), (२, 'बेन्निगनहळ्ळी'), (३, 'के. आर. पुरम');

आज्ञेचे शब्द टाइप करताना रोमन लिपीत लिहायचे. व्हॅल्यूजनंतरचा प्रत्येक कंस म्हणजे एक ओळ. दोन कंसांमध्ये स्वल्पविराम.

यात वेळ कसा वाचतो? वेगवेगळ्या आज्ञा दिल्या, तर प्रत्येकीसाठी सर्व्हरपर्यंत फेरी होते, आज्ञा नव्याने तपासली जाते आणि बहुधा दर वेळी डिस्कवर नोंद पक्की करावी लागते. एकत्र पाठवल्यावर हे सारे एकदाच होते. शिवाय एखाद्या ओळीत चूक निघाली, तर पोस्टग्रेस हा डेटाबेस त्या आज्ञेतली एकही ओळ स्वीकारत नाही. त्यामुळे तक्ता अर्धवट भरलेला राहत नाही.

मर्यादाही आहेत, आणि त्या डेटाबेसनुसार बदलतात. एसक्यूएल सर्व्हर अशा यादीत कमाल १,००० ओळी घेतो. मायएसक्यूएलमध्ये आज्ञेच्या एकूण आकारावर बंधन असते. नोंदी हजारोंनी असतील, तर पाचपाचशेचे गट करून पाठवावेत.