उशिरा आलेला पैसा आणि आयकराचे विवरणपत्र

तळोद्यातला आश्रमशाळेचा किंवा जिल्हा परिषद शाळेचा शिक्षक 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर नोकरीला लागला असेल, तर त्याचे निवृत्तिवेतन परिभाषित अंशदान योजनेत (डीसीपीएस) सुरू झाले. दरमहा मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या 10 टक्के कपात, सुरुवातीला तेवढाच सरकारचा वाटा. पुढे राज्याने ही खाती राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत (एनपीएस) वळवायचे ठरवले. जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांच्या बाबतीत हे काम बरेच लांबले. सातव्या वेतन आयोगाचा फरकही असाच हप्त्याहप्त्याने आला: वेतन 1 जानेवारी 2016 पासूनचे, पण हप्ते 2019 पासूनचे. सरकारच्या या उशिराचा कर शिक्षकाने भरू नये, आणि कायदाही तशी सक्ती करत नाही. मात्र त्यासाठी कोणता पैसा कोणत्या वर्षाचा, हे विवरणपत्रात नीट मांडावे लागते.

खाते एनपीएसमध्ये वळले म्हणजे आपल्या जुन्या कपातीचे नवे उत्पन्न झाले नाही. ती रक्कम आपल्याच पगारातून गेली आहे, आणि तिची वजावट कपात झाली त्या वर्षाची. एनपीएसच्या प्राण (PRAN) खात्यात मोठी रक्कम दिसली म्हणून तिच्यावर यंदा पुन्हा वजावट मागणे चूक आहे. चालू वर्षाच्या सरकारी वाट्याचा हिशेब निराळा: तो आधी पगारात मिळवायचा आणि मग कलम 80सीसीडी(2) खाली वजा करायचा. ही वजावट नव्या करप्रणालीतही मिळते, आणि अनेकांकडून नेमकी हीच राहून जाते.

फरकासाठी 1961 च्या आयकर कायद्यात कलम 89 आहे. समजा, 2025-26 मध्ये नव्या प्रणालीत करपात्र उत्पन्न 11,90,000 रुपये आहे. कर शून्य. त्यात 2016 ते 2018 या काळातला दीड लाखाचा फरक मिळाला की उत्पन्न 13,40,000 होते आणि कर उपकरासह 84,240 रुपये. हाच फरक वेळेवर मिळाला असता आणि तेव्हा शिक्षक 20 टक्क्यांच्या टप्प्यात असता, तर कर 31 हजारांच्या आसपास बसला असता. म्हणजे सवलत सुमारे 53 हजारांची. ती मिळवण्यासाठी फॉर्म 10ई आयकर पोर्टलवर विवरणपत्राआधी भरावा लागतो. तो न भरता सवलत दाखवली, तर विभाग ती नाकारतो आणि कराची मागणी काढतो.

कोणी म्हणेल, फॉर्म 16 कार्यालयच देते, मग आपण डोके कशाला चालवायचे? पण विवरणपत्रावर जबाबदारी सही करणाऱ्याची असते, आणि वेतन बिल करणाऱ्या लिपिकाकडे प्रत्येकाच्या जुन्या वर्षांचे करपात्र उत्पन्न नसते. नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंत कर नाही, मग हा खटाटोप कशाला, हा आक्षेपही निम्माच खरा आहे. ज्याचे उत्पन्न फरक धरूनही बारा लाखांच्या आत राहते, त्याला या सवलतीसाठी खरोखरच काही करावे लागत नाही. फरकामुळे जो ही रेषा ओलांडतो, त्याच्यावर मात्र फरकाचा निम्म्याहून अधिक भाग करात जाण्याची वेळ येऊ शकते. काहींची सवलत आकडेमोडीअंती शून्यही निघेल. ते गणित केल्याशिवाय कळत नाही.

तेव्हा तळोद्यातल्या शिक्षक-बंधुभगिनींनी फरक बिल मंजूर होताच मुख्याध्यापकांकडून किंवा आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडून त्याचा वर्षवार तक्ता लेखी मागून घ्यावा, जुनी विवरणपत्रे शोधून ठेवावीत, आणि आधी 10ई, मग विवरणपत्र हा क्रम चुकवू नये.