नजरबंदी आणि कॅमेऱ्याची नजर

हातचलाखी ही मुळात चार हातांवरून पाहायची कला. मी महालात लहानाचा मोठा झालो. वाड्याच्या चौकात गारुड्याने तीन वाट्या पालथ्या घातल्या, की भोवती कोंडाळे व्हायचे आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीतल्या पोरांना पुढच्यांच्या पाठीच दिसायच्या. पुण्याच्या जादूगार रघुवीर यांच्यासारख्यांचे रंगमंचावरचे मोठे प्रयोग शेवटच्या रांगेतूनही दिसत. पत्ता, नाणे किंवा अंगठी यांचा खेळ तसा दिसत नाही. आज रेशीमबागेतल्या सुमारे २००० आसनांच्या कविवर्य सुरेश भट सभागृहात हा खेळ करायचा, तर पडदा लागतो. पडदा आला की कॅमेरा आला. शाळांच्या आणि मंडळांच्या कार्यक्रमांत हौसेने कॅमेऱ्यांची जोडणी करताना मला प्रश्न पडत गेला तो असा : ही कला दूरवर पोहोचवताना ती कलाच राहावी, यासाठी कॅमेरा कोणता आणि कुठे ठेवावा?

आधी गरज किती, ते मोजू. पत्त्याच्या कोपऱ्यातला आकडा साधारण १० मिलिमीटर उंच असतो. निरोगी डोळ्याला अक्षर ओळखायला ते कमीत कमी ५ कलांच्या (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला) कोनात दिसावे लागते. हिशेब केला, तर हा आकडा ७ मीटरच्या पलीकडे वाचता येत नाही. म्हणजे आठ-दहा रांगांमागचा प्रेक्षक ‘बदाम सत्ती’ हे जादूगाराच्या तोंडून ऐकतो, पाहत नाही. त्याने विश्वास कशावर ठेवायचा?

पडद्यावर ठेवावा, तर तिथे जुना संशय आडवा येतो. सिनेमाची सुरुवात ज्यांच्या हातून झाली त्यांपैकी काही जण जादूगारच होते. पॅरिसच्या जॉर्ज मेलिएस यांच्याकडे जादूच्या प्रयोगांचे स्वतःचे नाट्यगृह होते. १८९६ साली त्यांनी पडद्यावर बाई अदृश्य केली ती कॅमेरा मध्येच थांबवून. आपले दादासाहेब फाळके हेही हौशी जादूगार. आडनावाची अक्षरे उलटी फिरवून ते ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने प्रयोग करत, आणि पुढे याच नावाने त्यांनी जादूचा लघुपटही काढला. तेव्हापासून कॅमेरा स्वतःच जादू करू शकतो, हे प्रेक्षकाला ठाऊक आहे. म्हणूनच १९६० साली अमेरिकेत मार्क विल्सन यांनी दूरचित्रवाणीवर जादूची मालिका सुरू केली, तेव्हा समोर खरे प्रेक्षक बसवले आणि कॅमेऱ्याची कुठलीही करामत नाही, अशी हमी दिली. सभागृहातल्या पडद्यालाही हीच हमी द्यावी लागते. फक्त ती शब्दांनी न देता चित्राच्या चौकटीतून द्यावी लागते.

म्हणून पहिला नियम : खेळ ऐन रंगात असताना चित्र बदलू नये. एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारली, की प्रेक्षकाला वाटते, ‘तेवढ्यात काहीतरी केले.’ चित्र कधी तोडायचे, यात किती ताकद असते हे पी. सी. सरकार यांच्या १९५६च्या बीबीसीवरील प्रयोगात दिसले. करवतीने मुलीचे दोन भाग केल्यावर ती जागी होत नाही, असे दिसत असतानाच निवेदकाने कार्यक्रम संपवला. घाबरलेल्या प्रेक्षकांच्या फोनचा बीबीसीवर भडिमार झाला.

दुसरा नियम चौकटीच्या मापाचा. कॅमेरामनला हातावर जाऊन थांबण्याचा मोह होतो. पण गुस्टाव कून आणि मायकेल लँड यांच्या २००६च्या प्रयोगात चेंडू हातातच ठेवून वर फेकल्याचा आव आणला होता. जादूगाराने नजर वर नेली, तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांना चेंडू वर गेल्याचे ‘दिसले’. नजर हातावर ठेवली, तेव्हा सुमारे एकतृतीयांश लोकांनाच. म्हणजे नजरबंदीचे अर्धे काम चेहरा करतो. चौकटीत फक्त बोटे ठेवली, तर जादूगाराचे हे साधन आपण काढून घेतो आणि मागच्या रांगेला खेळाऐवजी तपासणी दाखवतो. एकच कॅमेरा असेल, तर कपाळापासून टेबलाच्या कडेपर्यंतची चौकट धरावी. दोन असतील, तर दुसरा हातांसाठी ठेवावा. पण तो प्रेक्षकांच्याच बाजूने, डोळ्यांच्या उंचीपेक्षा थोडा वर. डोक्यावरचा कॅमेरा सुबक चित्र देतो, पण पहिल्या रांगेलाही न दिसणारी टेबलामागची जागा दाखवू शकतो. तो लावायचाच असेल, तर चौकट टेबलाच्या कडेवर संपली पाहिजे.

आता यंत्राकडे. लग्नसमारंभात मोठ्या सेन्सरचे कॅमेरे आवडतात, कारण त्यांत मागचे धूसर होते. इथे तीच अडचण ठरते : हात वीतभर पुढे आला, की पत्ता धूसर. छोट्या सेन्सरचा, लांब झूमचा साधा कॅमकॉर्डर जास्त उपयोगी. तो तिसऱ्या-चौथ्या रांगेच्या अंतरावरून लावला, की चित्र प्रेक्षकाच्या जागेवरून दिसते तसेच येते. फोकस आणि उजेडाचे माप हाताने ठरवून कायम करावे. नाहीतर काळ्या कापडावर पांढरे पत्ते पसरताच चित्र काळवंडते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवावे. पट्टे येत नाहीत. १/१००० ठेवले, तर डोळ्याला न दिसणारी हालचालही गोठून दिसते. तो प्रेक्षकावर उपकार नाही आणि कलावंतावर अन्याय आहे.

शेवटची बाब उशिराची. सेकंदाला २५ चित्रे, म्हणजे एक चित्र ४० मिलिसेकंदांचे. कॅमेरा, मिक्सर, प्रोजेक्टर असे प्रत्येक यंत्र एखाद-दुसरे चित्र धरून ठेवते. तारेने सरळ जोडणी केली, तर हे निभावते. मोबाइलचे चित्र वायफायवरून आणले, तर उशीर अर्ध्या सेकंदावरही जातो. मग पुढच्या रांगा आधी दाद देतात, मागच्या नंतर. आणि पडद्यावरचा हात खऱ्या हाताच्या मागे धावताना दिसतो. सेकंदाला ५० चित्रे देणारा कॅमेरा असेल, तर एकेक चित्र २० मिलिसेकंदांचे होते आणि उशीरही बराच कमी होतो.

एखाद्या मंडळाकडे मोजके पैसे असतील, तर मी क्रम असा लावीन : आधी पक्की तिवई आणि लांब तार, मग चांगला उजेड, आणि उरलेल्या पैशांत कॅमेरा. चित्राचा बारकावा वाढवत नेण्याला अंत नाही. इथे लागतो तो बारकावा पहिल्या रांगेतल्या माणसाला दिसतो तेवढाच. त्याहून कमी दाखवले, तर मागचा प्रेक्षक फसवला जातो. जास्त दाखवले, तर जादूगार उघडा पडतो. नजरबंदी हा दोघांच्या संमतीने चालणारा व्यवहार आहे, आणि कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या माणसाने त्यात साक्षीदाराचेच काम करायचे असते.