मार्ताचं बिऱ्हाड

२२ मे २०१४. लिस्बनमध्ये महिलांच्या चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. एका बाजूला जर्मनीचा वोल्फ्सबर्ग, दुसऱ्या बाजूला स्टॉकहोमच्या उपनगरातला टिरेसो. टिरेसोकडून मार्ता व्हिएरा दा सिल्व्हा या ब्राझिलियन स्ट्रायकरनं दोन गोल केले, तरी संघ ४-३ असा हरला. हार खेळाडूंना नवी नसते. या संघाचं दुखणं वेगळंच होतं. मैदानात उतरण्याआधीच क्लबची तिजोरी रिकामी झाली होती. जून उजाडला आणि टिरेसोनं स्वीडनच्या लीगमधून अंग काढून घेतलं. त्या मोसमातले त्याचे निकालसुद्धा गुणतक्त्यातून पुसले गेले. जगातली सर्वोत्तम खेळाडू म्हणून तोवर पाच वेळा निवडली गेलेली मार्ता पुन्हा एकदा नव्या क्लबच्या शोधाला लागली.

पुन्हा एकदा, कारण तिच्या पायाखालून क्लब सरकण्याची ही काही पहिली वेळ नव्हती. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तशी तिची कारकीर्द आहे. मार्ताचे गोल मोजणारे पुष्कळ आहेत. तिनं बदललेली घरं मोजली, तर बाईनं पोटापाण्यासाठी फुटबॉल खेळणं म्हणजे काय असतं, ते अधिक नीट कळतं.

तिचं गाव दोइस रियाशोस. नावाचा अर्थ दोन ओढे, पण मुलूख अवर्षणाचा. ईशान्य ब्राझीलमधल्या अलागोआस राज्यातला. १९ फेब्रुवारी १९८६ ला ती जन्मली आणि ती तान्ही असतानाच वडील घर सोडून गेले. चार मुलांना आईनं एकटीनं वाढवलं. कोरड्या नदीच्या पात्रात, पुलाखाली मुलगे खेळायचे, त्यांच्यात ही एकटी मुलगी. मुलांच्या एका स्पर्धेत तर प्रतिस्पर्धी संघाच्या प्रशिक्षकानं हट्ट धरला: ही पोरगी खेळणार असेल, तर आम्ही संघ मागे घेतो. तिलाच बाहेर बसावं लागलं.

त्या प्रशिक्षकाला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या पाठीशी कायद्याची परंपरा होती. गेतुलिओ वार्गास यांच्या राजवटीत १९४१ साली निघालेल्या वटहुकमानं ‘स्त्रीच्या प्रकृतीला न मानवणारे’ खेळ बायकांना मना केले. १९६५ मध्ये त्यात फुटबॉलचं नाव स्पष्ट घातलं गेलं. बंदी उठली १९७९ साली. म्हणजे पेलेंचा ब्राझील तीन वेळा जग जिंकत होता, त्या काळात तिथल्या बाईनं चेंडूला लाथ मारणं बेकायदा होतं. मार्ता जन्मली तेव्हा बंदी उठून जेमतेम सात वर्षं झाली होती.

चौदाव्या वर्षी ती बसमध्ये बसली आणि तीन दिवसांनी रिओ दि जानेरोला उतरली. वास्को द गामा क्लबनं चाचणी घेतली आणि ठेवून घेतलं. तिथला महिला संघ फार दिवस टिकला नाही. मग मिनास जेराइस राज्यातला एक छोटा क्लब, आणि २००४ मध्ये थेट स्वीडनचं उमेओ. हे गाव स्टॉकहोमच्याही कितीतरी उत्तरेला. हिवाळ्यात तिथे दुपारीच अंधारून येतं. भाषा येत नाही, बर्फ कधी पाहिलेला नाही, वय अठरा. त्याच वर्षी उमेओनं युरोपचा चषक जिंकला. फ्रँकफुर्टविरुद्ध अंतिम फेरीच्या दोन सामन्यांत मिळून ८-०. पुढे २००५ ते २००८ सलग चार वेळा स्वीडनचं विजेतेपद. लीगमधल्या १०३ सामन्यांत तिचे १११ गोल. एवढा काळ एका जागी राहायला मिळालं, म्हणून तिच्या खेळाला ही मुळं फुटली, असं म्हणायला जागा आहे. पुढे ती अस्खलित स्वीडिश बोलू लागली, २०१७ मध्ये तिनं तिथलं नागरिकत्वही घेतलं.

२००७ हे तिचं वर्ष. चीनमधल्या विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत अमेरिका समोर होती, लागोपाठ ५१ सामने न हरलेली. ब्राझीलनं तिला ४-० असं लोळवलं. मार्ताचा दुसरा गोल आजही शोधून पाहावा असा आहे. गोलकडे पाठ असताना तिनं चेंडू बचावपटूच्या एका अंगानं सोडला, स्वतः दुसऱ्या अंगानं फिरली आणि पुढे जाऊन त्याला गाठलं. अंतिम सामन्यात मात्र जर्मनीच्या नादिने आंगेरेरनं तिची पेनल्टी अडवली आणि ब्राझील ०-२ असा हरला. सात गोल करून ती स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली. उपविजेतेपदाचं पदक घेताना ब्राझीलच्या खेळाडूंनी एक फलक धरला होता: ब्राझील, आम्हाला पाठबळ हवंय. जगात दुसऱ्या आलेल्या संघाला हे कापडावर लिहून सांगावं लागलं.

मग अमेरिका. २००९ साली तिथे नवी व्यावसायिक लीग निघाली आणि मार्ता तिचा चेहरा झाली. पहिलं वर्ष लॉस एंजेलिस सोलकडे: सर्वाधिक गोल तिचे, संघ अंतिम फेरीत. जानेवारीत क्लब बंद. दुसरं वर्ष एफसी गोल्ड प्राइडकडे: १९ गोल, विजेतेपद, अंतिम सामना ४-० असा खिशात. नोव्हेंबरात क्लब बंद. तिसरं वर्ष वेस्टर्न न्यूयॉर्क फ्लॅशकडे: पुन्हा विजेतेपद, पुन्हा सर्वाधिक गोलांत तिचं नाव. या वेळी क्लब वाचला, लीगच बुडाली! एका संघमालकाशी चाललेल्या कोर्टकज्जात पैसा आणि वेळ गेला. २०१२ चा मोसम रद्द झाला आणि मे महिन्यात कायमचं कुलूप लागलं.

आपल्याकडे संगीत नाटकांच्या काळात मंडळ्या अशाच मोडायच्या. नायकाची तान रंगात असायची आणि पडद्यामागे सावकार बसलेला असायचा. फरक एवढाच की तिथे नटमंडळींचा खर्चिक थाट पुष्कळदा नडला. इथे खेळाडूंनी करायचं ते सगळं चोख केलं होतं. क्लब एकदोन धनिकांच्या हौसेवर उभे होते. हौस फिटली की मैदान मोकळं.

मायदेशात तरी निराळं काय होतं? २००९ मध्ये ती काही महिने सांतोसकडून खेळली आणि दक्षिण अमेरिकेतली महिलांची पहिली लिबर्तादोरेस स्पर्धा संघानं जिंकली. २०१२ च्या सुरुवातीला सांतोसनं काटकसर म्हणून महिला संघच गुंडाळला. नेमारला राखण्याचा खर्च तेव्हा क्लबच्या डोक्यावर होता. हे वाचून मराठी वाचकानं ‘ब्राझीलचं काय घेऊन बसलात’ म्हणू नये. २०२३ मध्ये केरळ ब्लास्टर्सच्या पुरुष संघानं बाद फेरीचा सामना अर्धवट सोडला, क्लबला ४ कोटींचा दंड झाला, आणि खर्चाला कात्री लागली ती महिला संघावर. तो ‘तात्पुरता’ थांबवण्यात आला.

२०१९ मध्ये मार्तानं या हिशोबाला बुटांनी उत्तर दिलं. पुरुषांच्या मानानं फारच कमी रकमेचे प्रस्ताव येत होते, म्हणून तिनं बुटांचा प्रायोजकच नाकारला. फ्रान्समधल्या विश्वचषकात ती काळे बूट घालून उतरली. त्यांवर कोणत्याही कंपनीची खूण नव्हती, फक्त समानतेचं गुलाबी-निळं चिन्ह. ऑस्ट्रेलियाविरुद्ध गोल झाल्यावर तिनं बोटानं ते दाखवलं. १८ जूनला इटलीविरुद्धच्या पेनल्टीनं विश्वचषकातले तिचे गोल १७ झाले. जर्मनीच्या मिरोस्लाव क्लोजचे १६. स्त्री-पुरुष सगळे धरून हा विक्रम तिचा झाला. पुढच्या वर्षी सप्टेंबरात ब्राझीलच्या महासंघानं राष्ट्रीय संघातल्या स्त्री-पुरुषांना सारखं मानधन जाहीर केलं. सगळं श्रेय बुटांना देणं भाबडेपणाचं होईल. पण त्या काळ्या बुटांची आठवण तेव्हा कुणाला झाली नसेल, असंही नाही.

२०१७ पासून ती ऑर्लँडो प्राइडकडे आहे. हा क्लब ज्या लीगमध्ये खेळतो, ती अमेरिकेतली महिलांची तिसरी व्यावसायिक लीग, आणि ती टिकली. २०१३ मध्ये ती सुरू झाली, तेव्हा अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोच्या महासंघांनी आपापल्या राष्ट्रीय खेळाडूंचे पगार उचलले. मालकांचा भार हलका झाला. इतकी साधी गोष्ट आधीच्या दोन लीगना जमली नव्हती. मार्ता या क्लबसोबत गुणतक्त्याच्या तळाशीही राहिली, गुडघ्याच्या दुखापतीत २०२२ चा मोसम घालवला, आणि २०२४ मध्ये ऑर्लँडोनं लीग आणि अंतिम सामना दोन्ही जिंकले. उपांत्य फेरीत बचावपटूंना आणि गोलरक्षिकेला चकवून तिनं केलेला गोल पाहताना तिचं वय ३८ आहे, हे स्वतःला बजावावं लागतं.

त्याच वर्षी फिफानं महिला फुटबॉलमधल्या सर्वोत्तम गोलसाठी तिच्या नावानं पुरस्कार ठेवला. पहिला मार्ता पुरस्कार मिळाला मार्तालाच.

तरी बाई घरी बसल्या नाहीत. २ ऑगस्ट २०२५ ला कीतोमध्ये कोलंबियाविरुद्ध कोपा अमेरिकाचा अंतिम सामना. ती ८२ व्या मिनिटाला बदली म्हणून उतरली. संघ हरत असताना भरपाई वेळेत तिनं बरोबरी साधली आणि जादा वेळेत आणखी एक गोल केला. ४-४ नंतरच्या पेनल्टींमध्ये तिची स्वतःची पेनल्टी वाया गेली. तरी ब्राझील जिंकला.

विश्वचषक मात्र तिला कधीच मिळाला नाही. पुढचा महिला विश्वचषक २०२७ मध्ये ब्राझीलमध्ये आहे आणि रिओच्या माराकाना मैदानावरही त्याचे सामने होणार आहेत. त्या मैदानात थोर फुटबॉलपटूंच्या पावलांचे ठसे जपून ठेवले आहेत. त्यांत पहिली बाई मार्ता. तिचे ठसे घेतले गेले २००७ साली.