जीपचा टप गळतोय? आधी पाण्याची वाट शोधा

रँग्लर जीपचा टप अखंड नसतो. पुढच्या दोन सीटांवर दोन सुटी पॅनल आणि मागे एक मोठं कवच, असे त्याचे तीन तुकडे असतात. कंपनीने ही रचना 2007 च्या मॉडेलपासून आणली. 2021 पासून या गाडीची जुळणी पुण्याजवळ रांजणगावला होते, म्हणून ती आता आपल्याकडच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्येही दिसते. थंडीत पॅनल काढून फिरण्याची मजा औरच. मात्र जे सुटं होतं ते गळूही शकतं, आणि आपल्याकडचा पाऊस ते पहिल्याच आठवड्यात दाखवून देतो.

मृग लागायच्या आत, मे महिन्यातच हे काम उरकलेलं बरं. एप्रिल-मेच्या उन्हाने रबर कडक झालेलं असतं. शिवाय उघडून ठेवलेली गाडी भर पावसात वाळवायची कुठे, हाही प्रश्न असतो.

गाडी वॉरंटीत असेल तर कशालाही हात लावण्याआधी गळतीचा व्हिडिओ काढा आणि सर्व्हिस सेंटरला दाखवा. आपण आधीच काही फासून ठेवलं असेल, तर मग दोष कोणाचा यावर वाद सुरू होतो.

पहिला प्रश्न: पाणी खरंच टपातूनच येतंय का? पाऊस नसताना, एसी चालवल्यावर पुढे डावीकडे पायाशी ओल दिसत असेल, तर टपाच्या वाटेला जाऊ नका. एसी हवेतली वाफ थंड करून तिचं पाणी करतो आणि ते एका बारीक नळीने गाडीखाली टाकतो. ती नळी तुंबली की पाणी आत उतरतं. नळी साफ करणं हे मेकॅनिकचं अर्ध्या तासाचं काम आहे.

टपाचीच गळती असेल, तर तो पाणी कसं अडवतो ते आधी पाहू. पॅनलच्या कडेला पोकळ रबराची पट्टी असते. गॅरेजमध्ये तिला बीडिंग म्हणतात. कड्या लावल्या की ही पट्टी दबते आणि फट बुजवते. म्हणजे पाणी अडतं ते रबर दबल्यामुळे; रबर नुसतं तिथे असून उपयोग नाही. जिथे ते पुरेसं दबत नाही तिथून पाणी शिरतं, मग रबर कोरं करकरीत का असेना.

प्रत्येक पॅनलला चार कडा असतात: पुढे काचेच्या चौकटीवर, बाहेर दाराच्या बाजूला, मध्ये दुसऱ्या पॅनलला लागून आणि मागे कवचाला लागून. मधली फट आणि मागची फट जिथे मिळते तो तिठा सगळ्यांत नाजूक. तीन वेगवेगळे तुकडे तिथे एका बिंदूवर येतात आणि तिघांनी एकाच उंचीवर बसावं लागतं. दुसरी जागा म्हणजे काचेच्या वरचे दोन कोपरे. सुट्या छताची ही जुनीच दुखणी आहेत. 1968 च्या कॉर्व्हेटमध्ये अशी दोन काढती पॅनल आली, आणि गळका टप हा तेव्हापासून अशा गाड्यांच्या मालकांचा आवडता विषय आहे.

आता शोध. इथेच बहुतेकजण फसतात, कारण थेंब जिथे पडतो तिथूनच पाणी आलं असं आपण धरून चालतो. पाणी मागच्या तिठ्यातून शिरतं, आतल्या अंगाने कडेकडेने पुढे सरकतं आणि सिग्नलला ब्रेक दाबला की ड्रायव्हरच्या मांडीवर पडतं. मग काचेवरचं रबर बदललं जातं. खर्च होतो, गळती तशीच राहते.

पहिली तपासणी कोरडी. वहीच्या कागदाची दोन बोटं रुंदीची पट्टी फटीत ठेवून पॅनल बसवा, कड्या लावा आणि पट्टी हळूच ओढा. रबर नीट दबत असेल तर ती अडते, जोर लावावा लागतो. सहज निसटली तर तिथे दाब नाही. वीतभर अंतराने पूर्ण कडेभर असं करत जा आणि सैल जागी मास्किंग टेपचा तुकडा लावून खूण करा.

तिठ्यात पट्टी चालत नाही. तिथे टाल्कम पावडर कामी येते. रबरावर बोटाने पावडरीचा पातळ हात फिरवा, पॅनल बसवून पूर्ण आवळा आणि पुन्हा उचला. समोरच्या पृष्ठभागावर पांढरी रेघ उमटलेली दिसेल. रेघ सलग आणि सारख्या रुंदीची असेल तर ठीक. जिथे ती केसासारखी बारीक होते किंवा तुटते, तिथे रबर टेकतच नाहीये. पाण्याची वाट बहुधा तीच.

मग ओली तपासणी, आणि तिला दोन माणसं लागतात. एकजण आत टॉर्च आणि टिश्यू पेपर घेऊन बसेल, दुसरा बाहेर नळी धरेल. नळीला तोटी नको, दाब नको. पाणी नुसतं ओघळू द्या. सुरुवात खालून करा: आधी दाराची कड, मग काचेचा वरचा भाग, शेवटी मधली फट आणि तिठा. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पसरतो आणि काहीच कळत नाही. एका जागी तीन-चार मिनिटं थांबा, कारण पाण्याला आत यायला वेळ लागतो. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप मात्र मुळीच नको. त्याच्या माऱ्यापुढे चांगलं रबरही हार मानतं आणि नसलेली गळती दिसते.

तरीही संशय उरला, तर सगळ्या फटी मास्किंग टेपने बंद करा आणि एकेक टेप काढत पाणी सोडा. वेळखाऊ आहे, पण उत्तर पक्कं मिळतं.

वाट सापडली की दुरुस्ती. बाटल्या आणि ट्यूबा अजून बाजूलाच राहू द्या. निम्म्याहून अधिक वेळा दोष पॅनल बसवण्यात असतो असं माझं मत आहे. गेल्या खेपेला घाईत परत लावलेलं पॅनल थोडं तिरकं बसतं आणि कड्या लागल्यामुळे आपल्याला ते कळत नाही.

दोन्ही पॅनल काढा. क्रम गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. तो पाळावा लागतो, कारण मधल्या फटीत एकाची कड दुसऱ्यावर चढते. कवचाच्या पुढच्या कडेला आणि खाचांमध्ये बोट फिरवून पाहा. गुलमोहराखाली लावलेल्या गाडीत तिथे पानांचा लगदा सापडतो. पाणी वाहून नेणारी ती पन्हाळ तुंबली की पाणी साचतं आणि कडेवरून आत सांडतं. ओल्या फडक्याने ती साफ करा.

परत बसवताना पॅनल आधी नुसती ठेवा. मधली फट पुढून मागेपर्यंत सारखी आहे का, डोळ्यांनी पाहा. मग सगळ्या कड्या आणि फिरक्या हलक्या हाताने अडकवा, आणि त्यानंतरच आळीपाळीने, थोडं इकडे थोडं तिकडे, असं आवळत जा. एक कडी पूर्ण आवळून दुसरीकडे वळलं की पॅनल तिरकं झालंच म्हणून समजा. मागच्या कवचाचे बोल्ट ढिले असतील तर तेही हातानेच आवळा. कवच प्लास्टिकचं आहे. पॉवर ड्रिलने त्यातली चाकी सुटून फिरू लागली तर ते काम महागात पडतं.

एवढ्यावर गळती थांबली नाही तरच रबराकडे वळायचं. सौम्य साबणाच्या पाण्याने ते धुवा, पूर्ण वाळवा आणि सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. याने रबर मऊ राहतं आणि चिकटत नाही. इथे व्हॅसलिन, खोबरेल, इंजिन ऑइल, गंज सोडवायचा स्प्रे असं हाताला येईल ते लावायची आपल्याकडे सवय आहे. गाडीच्या बीडिंगचं रबर बहुधा ईपीडीएम जातीचं असतं. ऊन-पाऊस ते उत्तम सोसतं, खनिज तेल मात्र त्याला सोसत नाही; तेल पिऊन ते फुगतं आणि लिबलिबीत होतं. सिलिकॉन रंगावर सांडू देऊ नका, पुढे कधी रंगकाम करायचं झालं तर तिथे रंग धरत नाही.

रबर शाबूत आहे पण चपटं झालंय, दाबलं तर परत फुगत नाही, अशा वेळी त्याच्या खाली पातळ फोमची पट्टी घालून ते उचलता येतं. फोम बंद छिद्रांचा घ्या, म्हणजे ज्याचे बुडबुडे एकमेकांना जोडलेले नसतात असा. दुकानातच पाण्यात बुडवून पिळून पाहा. पाणी निघालं तर तो स्पंज आहे, तो पाणी धरून ठेवील. जाडी एक-दोन मिलिमीटर पुरे. जास्त घातलीत तर पॅनल दुसऱ्या टोकाला उचललं जाईल आणि गळती जागा बदलेल. फोम घातल्यावर पावडरीची चाचणी पुन्हा करा.

रबर फाटलं असेल तर ते बदलण्याशिवाय इलाज नाही. बसवताना ते ताणू नका. ताणलेलं रबर काही दिवसांत आखडतं आणि कोपऱ्यात फट पडते. कोपऱ्यांपासून सुरुवात करा, सरळ भाग नंतर दाबत जा.

आणि सीलंट? जे तुकडे कधीच सुटे होत नाहीत, त्यांच्या सांध्यातच. काढायच्या पॅनलला सिलिकॉन लावलं तर टप पुन्हा उघडणार नाही, आणि जोर लावून उघडला तर रबरासकट निघेल. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्याजवळ नकोच, त्यातल्या आम्लाने गंज धरतो. एम-सील नळाच्या पाइपावर शोभतं. खड्ड्यांतून जाताना टप सतत हलतो, कडक लांबी त्यावर तडकते.

शेवटी आतली ओल. वरून गालिचा कोरडा लागला तरी खालचा जाड थर आठवडाभर पाणी धरून असतो. कुबट वास तिथूनच येतो. गालिचा उचलून त्याच्या दोन्ही बाजूंना पंखा लावा. सीटखालच्या वायरींचे जोड कोरडे आहेत का तेही पाहा. रँग्लरच्या तळाला पाणी सोडायची रबरी बुचं असतात. ती काढली की साचलेलं पाणी खाली जातं. काम झाल्यावर ती आठवणीने परत बसवा, नाहीतर टप कोरडा आणि पहिल्याच डबक्यात पाणी खालून आत, अशी गत व्हायची.